सूट घ्यायला जाताना थर्मामीटर घरी ठेवावा

थंडी वाजू नये म्हणून कपडे घालणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे. पहाटे दूध टाकणारा पोरगा, रात्रपाळीचा वॉचमन, रात्रीच्या लाइटीवर पाणी धरायला उठणारा शेतकरी ही सगळी माणसं कानाला मफलर गुंडाळतात, स्वेटरवर स्वेटर चढवतात आणि आपण कसे दिसतो याची फिकीर करत नाहीत. पण यांच्यापैकी कुणी थ्री-पीस सूट घालून पाणी धरल्याचं ऐकिवात नाही, आणि यातच सगळं आलं. सूट उबेसाठी असता तर तो आधी यांनी घातला असता. गरजवंताला जिची गरज पडत नाही ती वस्तू उंची, हे आपल्याकडे सर्वमान्य आहे. म्हणून पुरुषांनी हिवाळ्यासाठी सूट कसा निवडावा, असं मला कुणी विचारलं की मी एवढंच सांगतो: आधी डोक्यातून हिवाळा काढून टाका.

तसा आपल्याकडचा हिवाळा विचार करण्याइतका टिकतही नाही. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता. त्या एका रात्रीच्या पुण्याईवर मुंबईकर आजही कपाटात सूट बाळगून आहे. बाकीची थंडी त्याला वर्तमानपत्रातून मिळते. डिसेंबर लागला की निफाडचा पारा किती घसरला याची चौकट छापून येते, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचा फोटो येतो, आणि ते वाचून दादरचा माणूस पंखा एकाने वाढवत म्हणतो, ‘‘यंदा थंडी जोरात आहे. सूट शिवून टाकू.’’ निफाडला खरोखरच गारठा असतो. तिथला बागायतदार कानटोपी घालून पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत फिरतो. ऊब घडांना द्यायची असते, स्वतःला नव्हे. थंडी निफाडनं सोसायची आणि सूट दादरनं शिवायचे, अशी ही वाटणी आहे. ती कुठल्याही करारावाचून सुरळीत चालते. (करार करून काय होतं ते, वर्षातलं एक अधिवेशन आपल्याकडे भरवायचा करार असलेल्या नागपूरला विचारावं. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला. नेमकं त्याच वर्षी विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन नागपूरला झालं होतं आणि हिवाळी अधिवेशन मुंबईला. सूटवाल्यांनीही इतक्या सफाईनं हवामान टाळलेलं नाही.)

ऊबच हवी असती तर आपल्याकडे घोंगडी होती. दख्खनी मेंढीची लोकर, धनगरानं कातरलेली, सनगरानं मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली. पावसात ती डोक्यावर, थंडीत अंगावर, पाहुणा आला की अंगणात खाली. तिचं चुकलं ते इथंच. एकाच वस्तूनं इतकी कामं करायला घेतली की तिला कुणी हँगरवर लावत नाही. शिवाय ती टोचते. आपण लोकर आहोत हे घोंगडी रात्रभर सांगत राहते, आणि सभ्य वस्त्रानं असं स्वतःबद्दल बोलू नये.

याउलट १९२५ साली लोकरीची एक गिरणी ठाण्यात सुरू झाली, जी पुढे रेमंड म्हणून देशभर गेली. ठाण्यात! स्वेटर घातलेला माणूस दिसला तर ‘ताप आहे का?’ म्हणून चौकशी होते, त्या गावात. निव्वळ थंडीचा हिशेब करणारा कुणी असता तर तो हिमाचलात जाऊन बसला असता आणि तिथल्या लोकांना, ज्यांच्या घरोघरी आधीच चरखे आणि माग आहेत, लोकर विकत बसला असता. ठाण्यात लोकर विकायला प्रतिभा लागते. आज त्या गिरणीच्या जागेवर उंच टॉवर उभे आहेत आणि त्यातल्या खोल्याखोल्यांना एसी आहेत. या एसींचा संबंध पुढे येणार आहे.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे येऊ. सूट एकट्यानं घेता येत नाही. नवरदेवाबरोबर आई, मावशी, ताई, भाऊजी, होणारी बायको आणि ‘याला कपड्यातलं कळतं’ असा एक मित्र, एवढा कोरम लागतो. दुकानदार पांढऱ्या गादीवर एकामागून एक ताके फेकतो. कापड उघडताना येणारा तो फटफट आवाज हाच त्याच्या दर्जाचा पहिला पुरावा. मग रंगाचा विषय निघतो आणि तो संपत नाही. नवरीच्या शालूच्या काठात एक वाइन कलरची रेघ आहे, ती सूटमध्ये यायला हवी. ट्यूबलाइटखाली वाइन वाटलेला रंग उजेडात जांभळा निघतो, म्हणून भाऊजी ताका खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत जाऊन येतात. जाडी, वजन, वीण, धागा यांबद्दल या सगळ्या काळात कुणी चकार शब्द काढत नाही. अगदी शेवटी, पावती फाडण्याच्या वेळी, मावशीला एकदम आठवतं.

‘‘अहो, पण हे थंडीत चालेल ना?’’

‘‘मावशी, हे बारा महिने चालतं. मागच्या मे महिन्यात एकाच लग्नात याच ताक्यातले सात सूट गेलेत.’’

मावशीचं समाधान होतं. जे मे महिन्यात चाललं ते डिसेंबरात का चालणार नाही, या तर्कात मला आजवर फट सापडलेली नाही.

ताक्याच्या काठावर सोनेरी अक्षरांत ‘सुपर १२०’ असं छापलेलं असतं. लोकरीच्या जागतिक व्यवहारात या आकड्याला अर्थ आहे. सुपर १०० म्हणायचं तर लोकरीचा तंतू सरासरी १८.७५ मायक्रॉनपेक्षा जाड असता कामा नये, आणि पुढं आकडा दहानं वाढला की तंतू अर्ध्या मायक्रॉननं बारीक. म्हणजे आकडा जितका मोठा तितका धागा तलम, कापड मऊ आणि नाजूक. ऊब मात्र त्यानं वाढत नाही. ऊब मिळते ती कापडाच्या वजनातून आणि त्यावर उठवलेल्या लवेतून, कारण त्या लवेत हवा अडकून राहते. उन्हाळी कापड मीटरला अडीचशे ग्रॅमच्या आगेमागे, खरं थंडीचं चारशेच्या आसपास. ही माहिती अचूक आहे आणि ती दुकानात बोलून दाखवणाऱ्याला पुढच्या खरेदीला कुणी नेत नाही. आपल्याकडे आकडा हा मार्कांसारखा वाचायचा असतो. शंभरापेक्षा एकशेवीस चांगला, एकशेवीसापेक्षा दीडशे चांगला; दीडशेवाल्याला थंडी शिवतच नाही. काही वेळा तर ज्या कापडाच्या घडणीत मेंढी जवळपासही फिरकलेली नसते, जे सरळ पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस असतं, त्याच्याही काठावर सुपर १५० असतं. त्यात एक अहिंसेचा भाग आहे, तो लक्षात घ्यावा.

खरी लोकर ओळखायची सोपी रीत आहे. एक धागा काढून काडी लावायची. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. पण लग्नाच्या खरेदीत दुकानात काडी पेटवणं शुभ नाही आणि दुकानदारालाही ते आवडत नाही. त्यामुळे ही परीक्षा कसरीवर सोपवलेली असते. कसर हा कपड्यांच्या धंद्यातला एकमेव पारखी, ज्याला कमिशन नाही. तिला लोकर लागते. पॉलिएस्टरला ती तोंड लावत नाही. कपाटात दहा वर्षं डांबराच्या गोळ्यांशिवाय राहिलेला सूट बाहेर काढून मावशी अभिमानानं सांगते, ‘‘बघ, साधी कसर लागली नाही. इतकं भारी कापड आहे!’’ कसरीनं दिलेलं हे प्रमाणपत्र असं उलट बाजूनं वाचण्यासाठी घरंदाज नजर लागते.

मात्र सूटचं सर्वांत परिपूर्ण रूप पाहायचं असेल तर ते अंगावर सापडणार नाही. ते खोक्यात असतं. सव्वातीन मीटर, मोठा पन्हा, वर प्लॅस्टिकची खिडकी, आणि झाकणावर बर्फात उभा राहून हसणारा एक गोरा गृहस्थ. सूटपीस! जावयाला दिवाळसणाला सूटपीस, व्याह्यांना मानपानात सूटपीस, नवरीच्या भावाला कान पिळण्याचा सूटपीस, निवृत्त होणाऱ्या साहेबांना शाल-श्रीफळाबरोबर सूटपीस. हा कुणी शिवत नाही. शिवायची शिलाई कापडाच्या दुप्पट येते हे घेणाऱ्याला कळतं, आणि देणाऱ्याला ते आधीपासून माहीत असतं. मग खोकं माळ्यावर जातं, पुढच्या लग्नसराईत खाली येतं, त्यावरचं पेन्सिलीनं लिहिलेलं नाव खोडरबरानं पुसलं जातं आणि ते पुढच्या घरी रवाना होतं. आमच्या नातेवाइकांत एक करड्या रेघांचा सूटपीस असा फिरतो आहे. त्याच्या कोपऱ्याला लागलेलं हळदकुंकू कुठल्या लग्नातलं याबद्दल दोन मतं आहेत. एकदा तो ज्यांनी दिला त्यांच्याकडेच परत गेला, तेव्हा त्यांनी कापड हातात घेऊन म्हटलं, ‘‘वा! अशी क्वालिटी आता मिळत नाही.’’ हिवाळ्यासाठी सूट निवडणाऱ्यानं हाच निवडावा. तो कुणालाही घट्ट होत नाही, त्याला ड्रायक्लीन लागत नाही, आणि आजवर कुणालाही त्यात उकडलेलं नाही.

ज्यांना शिवायचाच असेल त्यांनी टेलरपुढे खोटं बोलायची तयारी ठेवावी. माप देताना नवरदेव श्वास आत ओढून उभा राहतो. ‘‘साहेब, पोट सोडा,’’ टेलर म्हणतो. ‘‘लग्नापर्यंत कमी होणारे,’’ साहेब उत्तरतात. टेलर ‘‘हो हो’’ म्हणत टेप फिरवतो आणि शिलाईच्या आत चांगलं दीड इंच दाबून ठेवतो. हे दाबलेलं कापड म्हणजे या सगळ्या व्यवहारात मला भेटलेला शहाणपणाचा एकमेव अंश आहे, आणि तोही सोयीस्कररीत्या आतल्या बाजूला असतो.

मग फिटिंग. सध्या स्लिम फिटची पद्धत आहे, आणि थंडीच्या दृष्टीनं ती अजोड आहे. सूट इतका अंगाबरोबर शिवतात की आत बनियन घालायचं की श्वास घ्यायचा यातलं एक निवडावं लागतं. थर्मल, स्वेटर वगैरे आतून चढवून सूटच्या कर्तृत्वात वाटेकरी आणण्याचा मोह त्यामुळे आपोआप टळतो. छातीला जुन्या रीतीनं घोड्याच्या केसांचं कॅनव्हास टाके घालून बसवलं तर कोट हळूहळू अंगाचा आकार धरतो. त्याऐवजी फ्युजिंग इस्त्रीनं चिकटवतात, म्हणजे काम दोन दिवसांत होतं आणि काही धुलायांनंतर छातीवर बारीक फुगे येतात. फोटो त्याआधीच निघालेले असतात. अस्तर पॉलिएस्टरचं. लोकरीचा एक गुण असा की ती स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ पिऊनही हाताला ओली लागत नाही. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा पीत नाही. पॉली-व्हिस्कोसच्या सूटला पॉलिएस्टरचं अस्तर लावलं की नवरदेवाचा घाम नवरदेवापाशीच राहतो. सत्यनारायणाच्या पूजेपर्यंत तो तिथंच असतो.

बाहीवरचं लेबल काढू नये. तयार सूटच्या डाव्या बाहीवर, मनगटापाशी, कंपनीच्या नावाची पट्टी चार टाक्यांनी लावलेली असते. परदेशात ती दुकानातून बाहेर पडण्याआधी उसवतात. पण देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरलेलं असतं ते काय तो पायरी घेऊन घरी जाईल म्हणून? नाव दिसलं पाहिजे. पाठीमागच्या चिरेवर फुलीसारखा मारलेला पांढरा टाकाही तसाच ठेवावा. त्यानं सूट नवा असल्याचं मागच्या रांगेतल्यांनाही कळतं, आणि खाली बसता येत नसल्यामुळे कोट चुरगळत नाही. खिसे शिवलेलेच असतात, तेही तसेच राहू द्यावेत. हातांना गार लागलं की ते खिशात घालण्याची गावंढळ सवय त्यानं मोडते.

आता हा सूट कामाला येतो ते पाहू. पुण्यात म्हात्रे पुलापासून नदीकाठानं लॉन्सची रांग आहे. डिसेंबरातली रात्र, नदीवरचा गारठा, दवानं ओलं झालेलं गवत. स्टेजवर नवरदेव थ्री-पीसमध्ये, हॅलोजनच्या झोतात, घामानं डबडबलेला. त्याच्या शेजारी अर्ध्या बाहीची नवरी, पाठ उघडी, दात वाजतायत पण फोटोत ते हसू दिसतं. दोघांमधलं अंतर एक फूट. तापमानाची सरासरी काढली तर जोडपं अगदी सुखात आहे, आणि संसारात सरासरीच पाहायची असते. आपला कोट काढून तिच्या खांद्यावर टाकावा, असं नवरदेवाला वाटतं. पण कोटाच्या आतल्या शर्टाची जी अवस्था झालेली असते ती व्हिडिओवाल्यासमोर उघड करणं शक्य नसतं.

याच लॉनवर दरवेळी एक काका असतात. त्यांनी सूट घातलेला असतो, पण कोटाच्या आत हातानं विणलेला अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, गळ्यात मफलर, डोक्यावर माकडटोपी आणि पायांत बुटांऐवजी मोजे-सँडल. ते ग्रुप फोटोच्या वेळी खुर्चीवरून हलत नाहीत. ‘‘काका, निदान टोपी तरी काढा!’’ म्हणून पुतणी विनवते. काका म्हणतात, ‘‘तू काढ फोटो. मी इथं बरा आहे.’’ मी या माणसाकडे खेदानं पाहतो. ज्या प्रसंगासाठी तीनशे माणसं एका विचारानं गारठत किंवा उकडत उभी आहेत, तिथं एकट्यानं सुखात बसायचं म्हणजे समाजापासून फुटून निघणंच झालं. जेवणाच्या रांगेत ते पुढे असतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सर्दीही होत नाही, हे त्याहून वाईट.

लॉनची गोष्ट मात्र डिसेंबरपुरती. मुहूर्त एप्रिल-मे महिन्यांतही असतात आणि सूटला मुहूर्ताच्या मागे जावं लागतं. इथं खरा प्रश्न उभा राहिला होता, आणि आपण तो ज्या पद्धतीनं सोडवला ती मला या शतकातली मोठी झेप वाटते. सूट थंडीला जुळेना, तेव्हा आपण सूट बदलला नाही. थंडी आणली. आज मंगल कार्यालयाच्या जाहिरातीत ‘भरपूर पाणी, प्रशस्त पार्किंग’ याच्याही वर ‘संपूर्ण वातानुकूलित’ असतं. बाहेर चाळीस अंश आणि आत पाहुणे शाली पांघरून बसलेले. हिवाळा निसर्गाकडून मिळण्याची वाट पाहत बसणं हा दुबळेपणा होता. आता तो टनावर मिळतो. ठाण्याच्या टॉवरमधल्या एसींचं मी मघाशी म्हटलं ते यासाठी. गिरणीनं लोकर काढली होती ती शंभर वर्षांआधी. तिला लागणारी थंडी यायला एवढा वेळ लागला, इतकंच.

ऑफिसांतही हेच सूत्र आहे. एसी किती ठेवायचा याचं गणित १९६०च्या दशकात मांडलं गेलं, तेव्हा त्यात धरलेला माणूस चाळिशीचा, सत्तर किलो वजनाचा पुरुष होता. २०१५ साली नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की या गणितात बायकांच्या शरीरातून निघणारी उष्णता जास्त धरली जाते, आणि त्यामुळे ऑफिसं त्यांना नको इतकी गार पडतात. त्यांना हा दोष वाटला. मला त्यात सुसंगती दिसते. साहेब सूटमध्ये आहेत म्हणून एसी अठरावर. एसी अठरावर आहे म्हणून साहेबांना सूट लागतो. आणि सुती साडीतल्या अकाउंट्सच्या बाईंनी खुर्चीच्या पाठीवर कायमची शाल ठेवली आहे. साहेब, एसी आणि शाल, कुणीच बेकार नाही. आपल्याकडे १ जानेवारी २०२०पासून नवे घरगुती एसी चालू होताना आपोआप २४ अंशांवर चालू व्हावेत असा नियम झाला. पण रिमोट आपल्या हातात ठेवला आहे, त्यामुळे काळजीचं कारण नाही.

जपाननं मात्र या बाबतीत निराशा केली. २००५च्या उन्हाळ्यात तिथल्या सरकारनं कर्मचाऱ्यांना सांगितलं, कोट काढा, टाय सोडा आणि एसी २८ अंशांवर ठेवा. बांगलादेशानं २००९ साली वीज वाचवण्यासाठी सरकारी पुरुष कर्मचाऱ्यांना सूट-टाय घालू नका असा आदेश काढला. उकडतं म्हणून कोट काढायचा, हा विचार इतका उघडा आहे की सरकारी यंत्रणेला तो सुचावा याचंच आश्चर्य वाटतं. या न्यायानं उद्या पावसात छत्री उघडायला सांगतील.

खऱ्या थंडीच्या देशांतही फार काही शिकण्यासारखं नाही. पुण्याचा मुलगा लग्नातला तोच वाइन कलरचा सूट घेऊन जानेवारीत न्यूजर्सीला उतरतो. विमानतळाच्या दारातून बाहेर पडताच कोटातून, अस्तरातून आणि दीड इंच दाबलेल्या कापडातून एकाच वेळी वारा आत येतो. नंतर त्याला कळतं, की तिथं सूट थंडीसाठी घालतच नाहीत. थंडी अडवायला वरून गुडघ्यापर्यंतचा जाड ओव्हरकोट असतो. तो दारात खुंटीवर लटकतो, आणि आत हीटिंगमध्ये माणसं हलक्या कापडाच्या सूटमध्ये बसतात. घरं उबदार होत गेली तसं तिथंही सूटचं कापड गेल्या शतकात पातळ होत गेलं. म्हणजे बर्फाच्या देशात हलका सूट आणि दमट किनाऱ्यावर जाड. बाहेर गोठवणारी थंडी असेल तर आत उकाडा करायचा, बाहेर उकाडा असेल तर आत थंडी. जगभर पुरुषवर्ग एका दिशेनं विचार करतो आहे याचा याहून भक्कम पुरावा मला ठाऊक नाही.

एक अपवाद सांगायला हवा. १९३१च्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत लंडनला दुसरी गोलमेज परिषद भरली. एकाच शहराच्या एकाच गारठ्यात गांधीजी पंचा आणि शाल पांघरून वावरत होते, तसेच बकिंगहॅम राजवाड्यातही गेले, आणि डॉ. आंबेडकर नीट शिवलेल्या सूटमध्ये परिषदेला बसत होते. ज्या समाजात कुणी काय नेसावं आणि कुणी काय नेसू नये हे गावकी ठरवत होती, तिथून आलेल्या माणसाच्या अंगावरचा तो सूट होता. दोघांचं आपसात जवळजवळ कशावरच जमलं नाही. पण आपण अंगावर काय घातलंय आणि ते कुणाला दाखवायला, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. त्या सूटवर मला विनोद सुचत नाही आणि सुचवूनही घ्यायचा नाही. आपल्यासारख्यांना एवढा विचार करून कपडे घालणं झेपणारं नाही. आपल्याला भाऊजी ताका घेऊन उजेडात जातात तेवढं पुरे.

सध्या आमच्याकडे भाच्याच्या लग्नाची तयारी सुरू आहे. मुहूर्त मेच्या दुसऱ्या आठवड्यातला, गाव अकोला. सूट ठरला आहे: थ्री-पीस, गडद निळा, सुपर १५०. दुकानदारानं ‘विंटर कलेक्शन’ म्हणून दाखवला तेव्हाच सगळ्यांना पसंत पडला. अकोल्याचं मेमधलं ऊन ज्यांनी पाहिलं आहे त्यांच्यापैकी एकाच काकांनी शंका काढली, आणि ती कुठल्या काकांनी काढली हे सांगायची गरज नाही. हॉलची चौकशी माझ्याकडे होती, म्हणून मी मॅनेजरला फोन लावला.

‘‘एसी आहे ना?’’

‘‘फुल्ल एसी, साहेब.’’

‘‘आणि लाइट गेली तर?’’

‘‘जनरेटर आहे ना.’’

‘‘एसी चालतो जनरेटरवर?’’

‘‘स्टेजवरचा चालतो. हॉलमधला नाही चालत.’’

स्टेजवरचा चालत असेल तर मग प्रश्नच नाही. मी ॲडव्हान्स पाठवून दिला.